शिरा आधी, शतक मागून

३१ जानेवारी २००७ ला भारत-वेस्ट इंडिज सामना आमच्या बडोद्यात होता. मीही बडोद्यातच होतो. तरी सचिनचं शतक मी सात मिनिटं उशिरा पाहिलं. यात माझी काही चूक नव्हती, कोर्टाचा हुकूमच तसा होता.

भारतातल्या सामन्यांचे हक्क निंबस कंपनीने ६१ कोटी २० लाख डॉलर मोजून घेतले होते आणि निओ स्पोर्ट्स नावाचं स्वतःचं चॅनेल थाटलं होतं. दूरदर्शनचं म्हणणं, देशाचा संघ खेळतोय तर देशाला दिसायला नको? निंबसचं म्हणणं, दिसू दे की, पण पैसे आम्ही ओतलेत आणि जाहिराती तुम्ही खाणार! प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि तोडगा निघाला: दूरदर्शनने दाखवावं, पण सात मिनिटं मागून. शिळं म्हणता येत नाही, ताजंही म्हणवत नाही. पहिल्या पंगतीचं आटोपेपर्यंत दुसऱ्या पंगतीने दारात हात धुऊन उभं राहावं, तसं.

दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं. भिंत सामाईक, गॅलऱ्या खांद्याला खांदा लावून. शेजारच्या काकांकडे निओ स्पोर्ट्स लागायचं, आमच्याकडे दूरदर्शन. क्रिकेट ही विकत घेऊन बघायची गोष्ट नव्हे, असं आप्पांचं मत. काका गुजराती आणि आवाज असा की न्यायमंदिरापाशी रिक्षा थांबावी. ते एकच शब्द ओरडायचे, "गयो!"

आता फलंदाज गयो, की चेंडू सीमेपार गयो? हे कळायला आम्हाला सात मिनिटं लागत. त्या सात मिनिटांत आप्पा प्रत्येक चेंडूला विकेट पडल्यासारखे कण्हत. फलंदाजाने साधा चेंडू सोडून दिला तरी ते डोळे मिटून घेत. एकदा तर कानांत कापसाचे बोळे घालून बसले. मग समालोचन ऐकू येईना म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला, तर पलीकडून काकांनीच हाक मारली, "अरे भाऊ, धीमे! इथे मॅच चाललीय!"

१९९३ च्या हिरो कपच्या प्रसारणावरून झालेल्या भांडणात सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये निकाल दिला होता. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्या. पी. बी. सावंतांनी त्यात लिहिलं. आमच्या गल्लीत हा निकाल फार आधीपासून लागू होता. लहरी काकांच्या गळ्यातून निघत आणि कोणाच्याही घरात शिरत.

याचा खरा फायदा उठवला तो आईने. क्रिकेटमध्ये तिला एलबीडब्ल्यू सोडाच, ओव्हर किती चेंडूंची तेही ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी ती सारखी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जात होती. परत आली की पदराला हात पुसत म्हणायची, "हा आता जाईल हो." आणि सात मिनिटांनी तो जायचा. आप्पा चकित. भाखरवडीच्या पैजा लागल्या. ती तिसरी पैज जिंकली तेव्हा माझं लक्ष बादलीकडे गेलं. तेच दोन टॉवेल ती चौथ्यांदा वाळत घालून आली होती, आणि ते कडकडीत कोरडे होते.

सचिन नव्वदीत पोचला. आई गॅलरीतून आली, काही न बोलता रव्याचा डबा काढला. तूप सुटलं, रवा खमंग झाला, दूध ओतल्याचा चर्रर्र आवाज आला, वेलदोडा पडला. वाट्या समोर आल्या तरी सचिन अजून नव्वदीतच. आप्पांनी वाटीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि पहिला घास घेऊन म्हणाले, "म्हणजे झालं वाटतं." नाबाद १००, भारत ३ बाद ३४१.

पुढे त्याच वर्षी सरकारने कायदाच केला. महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला द्यायचा आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न पंचाहत्तर-पंचवीस वाटायचं, मोठा वाटा हक्कवाल्याचा. सात मिनिटं गेली. आईची भाखरवडीही गेली.

जाहिरातींचं काय सांगावं? १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी इथे बडोद्यात ५७७ धावांची भागीदारी केली. आजच्या हिशेबाने तेवढ्यात निम्म्या गुजरातचं सिमेंट विकून झालं असतं. आणि जाहिरातींतली ती वेलची! इतकी वेलची खाणारा देश मी तरी कुठे पाहिला नाही. आमच्या शिऱ्यात दोनच पडतात.

मग जून २०२२ मध्ये आयपीएलचे हक्कच फाडले गेले. टीव्हीचे २३,५७५ कोटींना डिस्ने स्टारकडे, मोबाइलचे २३,७५८ कोटींना वायकॉम१८ कडे. दोघांत अशी जुंपली की आयपीएल मोबाइलवर फुकट झाली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी एकमेकांशीच सोयरीक केली! वऱ्हाडात मानपानावरून भांडणाऱ्या दोन व्याह्यांनी एकाच बिऱ्हाडात राहायला जावं, तसं झालं. फुकटचे दिवस संपले, हे सांगायला नकोच.

माझ्या मुलाच्या हट्टापायी आमच्याकडे आता सामना इंटरनेटवरून येतो. डिशवरून येणाऱ्या चेंडूच्या तो मागेच असतो, आणि त्यात आमचा राउटर माळ्याजवळ ठेवलेला. शेजारी डिश आहे. काका थकले; आरोळीचे हक्क आता नातवाकडे आहेत, बहुधा बिनबोलीचे.

९ मार्च २०२५, चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना. शेवटची षटकं. पडद्यावर चक्र फिरतंय, जडेजा बॅट उचलून गोठलेला, मुलगा राउटरला थापट्या मारतोय. आप्पांचं मात्र पडद्याकडे लक्षच नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतायत.

आई गॅलरीतून आत आली. हातात दोन कोरडे टॉवेल.

"काय गं," आप्पा म्हणाले, "साखर काढू का?"