दम असला की मेंटॉर लागत नाही म्हणे

आमच्या नागपूरच्या डॉक्टर लोकांच्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिलाय, आज सकाळी तर घरच्या ग्रुपवरही आला म्हणून बसले लिहायला. त्यात म्हटलंय की म्हाताऱ्यांवर रिसर्च करून हाती काही लागत नाही, वय झालं की पाय जाणारच, आपल्याकडे सांभाळायला घर असतं, आणि नवीन रिसर्चरला मेंटॉर, म्हणजे हात धरून शिकवणारा सिनियर, देणं हे अमेरिकन फॅड आहे, ज्याच्यात दम असतो तो आपोआप वर येतो. मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते, म्हातारपणी माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो हाच माझा विषय, तेव्हा एकेक घेते.

पाय जाणारच? अमेरिकेत लाइफ नावाचा मोठा अभ्यास झाला, 2014 ला छापून आला. 70 ते 89 वयाचे, पाय आधीच कमजोर झालेले 1635 लोक. अर्ध्यांना नियमित चालणं आणि पायांचा व्यायाम, बाकीच्यांना आरोग्यावरची लेक्चरं. सरासरी 2.6 वर्षांनी बघितलं तर 400 मीटर चालायची ताकद गेलेले व्यायामवाल्यांत 30.1 टक्के आणि लेक्चरवाल्यांत 35.5. फरक लहान वाटतो, पण ज्याच्या घरी आई संडासला एकटी जाऊ शकत नाही त्याला विचारा लहान आहे का ते.

घर असतं, हे खरं. पण 2011 च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे 10 कोटींहून जास्त होते, आणि धरमपेठ, त्रिमूर्ती नगर कुठेही जा, पोट्टे पुण्याला नाहीतर बंगलोरला आणि घरी दोघंच. शिवाय घरात दहा माणसं असली तरी रात्री दोनला उठून बाथरूमपर्यंत आपल्या पायांनी जाता येणं हे वेगळंच सुख आहे, ते कोणी सून-मुलगा देऊ शकत नाही.

आता दमाचं. यावर मला राहवत नाही.

माझा एक पीजी विद्यार्थी, हुशार पोट्टं, आमच्या नागपूरच्या महाल भागात सर्व्हेला गेला. हातात काट्झची स्केल, म्हणजे म्हातारा माणूस रोजची कामं स्वतः करतो का हे बघायची यादी, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला बनलेली, 1963 ची, जगभर वापरतात: आंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावर ताबा, जेवण. आजीला विचारलं, आंघोळ स्वतः करता का? आजी म्हणाली, हो तर! यानं टिक केलं आणि पुढे गेला. मी सोबत होते म्हणून विचारलं, आजी, बादली कोण भरतं? सून भरते. पाटावरून उठवतं कोण? तेही सूनच. आणि मागच्या महिन्यात सून माहेरी गेली होती तेव्हा? तेव्हा आजीनं चार दिवस नुसतं अंग पुसलं होतं. क्लीव्हलँडच्या बाथरूमसाठी बनलेल्या प्रश्नात बादली येणार कुठून, ती विचारायला लागते, आणि विचारायला कोणीतरी शिकवावं लागतं. तसंच खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायच्या टेस्टचं. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते, ती भिंतीला टेकवून ठेवायची आणि मे महिन्यात सगळं सकाळी सातच्या आत उरकायचं, हे त्यानं कुठं वाचलं असतं? दम त्याच्यात भरपूर होता पण.

मी स्वतः शिकत होते तेव्हा माझे गाईड सहीपुरतेच भेटायचे, नाव नको. पहिल्या वर्षाचा अर्धा डेटा मला टाकून द्यावा लागला कारण दोन लोकांनी माप दोन पद्धतीनं घेतलं होतं. माझा एक बॅचमेट याच वैतागात हा विषयच सोडून गेला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता हो.

फॅडचं म्हणाल तर तिकडे अमेरिकेत वृद्धांच्या स्वावलंबनावर काम करणारी पेपर सेंटर्स आहेत, क्लॉड पेपर या राजकारण्याच्या नावाची, तो स्वतः 88 व्या वर्षी गेला तोवर संसदेत होता. तिथे नवीन लोकांना घडवण्यासाठी वेगळा विभागच असतो, छोट्या पायलट प्रोजेक्टला पैसे असतात, आणि तिकडच्या बहुतेक करिअर अवॉर्डांत, म्हणजे नवीन रिसर्चरला मिळणाऱ्या ग्रँटमध्ये, किमान 75 टक्के वेळ रिसर्चसाठी राखून ठेवावा लागतो. म्हातारपणाचा अभ्यास वर्षानुवर्षं चालतो, थीसिस तीन वर्षांत संपते, मधल्या काळात नवीन माणसाला कोणीतरी धरून ठेवायला नको का?

आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण ओपीडीतून आठवड्याची एक दुपार पोट्ट्याला सोडवून देणं, आकडेवाल्या सरांशी आणि फिजिओशी त्याची गाठ घालून देणं, त्याच्या पेपरवर त्याचंच नाव आधी टाकणं, याला कुठे ग्रँट लागते?

पुढच्या आठवड्यात त्या आजीचा सहा महिन्यांचा फॉलोअप आहे. यावेळी तो एकटा जाणार आहे, बादलीचा प्रश्न त्यानं स्वतःच फॉर्ममध्ये घातलाय आणि वर अजून एक जोडलाय जो मला सुचला नव्हता: सून घरी नसली तर काय करता?