फॉलिक अ‍ॅसिड ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूतले दोष टाळण्यासाठी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायला सांगतात. फॉलिक अ‍ॅसिड म्हणजे फोलेट या ब-गटातल्या जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप. त्याविरुद्ध एक संदेश सतत पुढे पाठवला जातो आहे. त्याचं म्हणणं असं: फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिम आहे, एमटीएचएफआर जनुकात (शरीराला फोलेट वापरायला मदत करणारं जनुक) बदल असलेल्यांना ते वापरता येत नाही आणि अंगात साठतं, म्हणून पालेभाज्या खा, फार तर मिथाइलफोलेट (शरीर थेट वापरतं ते फोलेटचं रूप) घ्या, तेही दिवस राहिल्याचं कळल्यावर. यातला शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

‘कळल्यावर सुरू करा’

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकते तेव्हा त्यातले जवळपास १४ दिवस सरलेले असतात. खात्री करून, डॉक्टरांना भेटून गोळी हातात येईपर्यंत उरलेलेही जातात. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत, खाली राहिली तर स्पायना बिफिडा (पाठीचा कणा नीट न मिटणं) होतो. ही उघडी नळी नंतरच्या गोळ्यांनी मिटत नाही. शिवाय रक्तपेशींतली फोलेटची पातळी चढायला काही आठवडे लागतात. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं, गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून, जमल्यास तीन महिने, आणि पुढे गरोदरपणाचे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. न ठरवता दिवस राहू शकत असतील तर रोज घेत राहावं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

‘जनुकात बदल असेल तर उपयोग नाही’

या जनुकातल्या सी६७७टी नावाच्या बदलाच्या दोन्ही प्रती (आई आणि वडील दोघांकडून आलेल्या) असलेल्यांच्या रक्तात, तेवढंच फॉलिक अ‍ॅसिड घेऊनही, बदल नसलेल्यांपेक्षा फोलेट सुमारे १६ टक्के कमी भरतं. कमी भरतं, पण गोळीने त्यांचीही पातळी वाढतेच. उत्तर चीनमध्ये हा बदल बराच आढळतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या मोठ्या अभ्यासात ४०० मायक्रोग्रॅम नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं होतं. उत्तर भागात गोळी न घेणाऱ्यांत दर हजार गर्भधारणांमागे न्यूरल ट्यूबचे ४.८ दोष होते, गर्भधारणेच्या आधीपासून घेणाऱ्यांत १.०. जनुक बघून कुणाला वगळलं नव्हतं. एवढ्यासाठी जनुकचाचणी करायची गरज नाही.

मिथाइलफोलेटनेही रक्तातली पातळी वाढते. पण त्याने हे दोष टळतात असं कोणत्याही चाचणीत दाखवलेलं नाही, फॉलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत दाखवलेलं आहे. इथे मागचा पुरावा पाहूनच निवड करावी.

‘पालेभाज्या पुरतात’

भाज्या खाव्यातच. पण अन्नातलं फोलेट उष्णतेने नासतं, उकळलेल्या पाण्यात उतरतं आणि शोषलंही कमी जातं. अर्धा कप शिजवलेल्या पालकात सुमारे १३० मायक्रोग्रॅम असतं. अन्नाबरोबर घेतलेल्या ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळीची बरोबरी करायला असे पाच अर्धे कप लागतात, रोज.

‘अंगात साठतं’

ते पाण्यात विरघळतं, जास्तीचं लघवीतून जातं. थोडं न बदललेलं फॉलिक अ‍ॅसिड रक्तात दिसतं हे खरं, पण या मात्रेत त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही.

सावधगिरी हवी ती मोठ्या मात्रेत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला १००० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, कारण बी-१२ कमी असेल तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी मात्र आतून चालू राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर आधी बी-१२ तपासा. वेष्टनावरचं एककही नीट वाचा: ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम.

ती मोठी मात्रा (४ ते ५ मिलिग्रॅम) आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असलेल्यांना लागते. मधुमेह असेल किंवा फिट्सचं व्हॅल्प्रोएटसारखं औषध चालू असेल तरी डॉक्टर ती देऊ शकतात. ती स्वतंत्र गोळीतूनच घ्यावी. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या वाढवून हा आकडा गाठला तर ‘अ’ जीवनसत्त्व जास्त होतं आणि तेच गर्भाला बाधतं. फिट्सचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. दिवस राहू देण्याआधीच ते बदलायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.