‘एक मूल झालं की जातं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्याकडे सोसायटीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात आणि पाळीत पोट फार दुखतं, तो आजार) हा उशिरा लग्न करणाऱ्या, शिकलेल्या शहरी मुलींचा नवा आजार आहे. वेळेत लग्न आणि एक मूल झालं की तो आपोआप जातो. डॉक्टरांनी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी पुढे मूल राहत नाही. मुलं झाल्यावरही त्रास राहिलाच तर पिशवी काढा, रोग मुळासकट जातो. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली असेल तर मुलगी उगाच बाऊ करतेय असं समजा.

माझं नाशिकमध्ये सातपूरला मेडिकल आहे. पाळीच्या दुखण्याच्या गोळ्या विकल्या नाहीत असा दिवस जात नाही, त्यामुळे असा मेसेज घराघरांत काय करतो ते काउंटरवरून बरोबर दिसतं.

आधी ते ‘नवा, शहरी, शिकलेल्यांचा’. ही कल्पना व्हॉट्सअ‍ॅपच्या आजीच्या वयाची आहे. बोस्टनचे डॉक्टर जो मिग्ज यांनी १९४१ साली लिहिलं, की हा आजार खासगी दवाखान्यात येणाऱ्या सुखवस्तू बायकांमध्ये जास्त दिसतो, कारण त्या लग्न आणि मुलं लांबणीवर टाकतात. उपाय म्हणून त्यांनी लवकर लग्न आणि लवकर मुलं सुचवली. पुढे याला ‘नोकरदार बाईचा आजार’ म्हणायची पद्धतच पडली. पण तपासणी कोणाची होत होती, हे कोणी विचारलं नाही. त्याच तक्रारी घेऊन गरीब काळ्या बायका आल्या की ओटीपोटात जंतुसंसर्ग आहे असं सांगून त्यांना वाटेला लावलं जाई. अमेरिकेतल्याच डॉक्टर डोनाल्ड चॅटमन यांनी असा शिक्का बसलेल्या काळ्या बायकांची पोटात दुर्बीण घालून तपासणी केली आणि १९७६ साली निष्कर्ष मांडले : त्यांच्यातल्या २० टक्क्यांहून जास्त जणींना एंडोमेट्रिओसिस होता.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? गंगापूर रोडसारख्या सुखवस्तू वस्तीतली मुलगी दुखायला लागलं की सोनोग्राफीला जाते. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून टोळीने दिंडोरीच्या द्राक्षबागेत आलेली बाई पोटाला पदर आवळून बांधते आणि हात वर करून एकेक घड औषधाच्या मगात बुडवत राहते, कारण खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली. तिचं निदान होतच नाही, मग कागदावर हा आजार शहरी दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना हा आजार आहे, म्हणजे पाळीच्या वयातल्या दहांत साधारण एकीला. त्या सगळ्या एम.बी.ए. करून लग्न लांबवत बसलेल्या नाहीत.

यात खरं एवढंच, की कमी बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो. पण याच आजारामुळे मूल राहायला अडचण येते, हे लक्षात घेतलं की मेसेजवाल्यांनी घोड्यापुढे गाडी जोडलीय हे कळतं.

मग होतो कशाने? गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात : अंडाशयावर, पोटाच्या आतल्या आवरणावर, आतड्यावर, मूत्राशयावर. पाळीच्या चक्राबरोबर तिथे सूज येते, रक्त उतरतं, हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साचून तयार होते ती चॉकलेट सिस्ट. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि तिथे या पेशी रुजतात, असं जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलं. आजही ही मांडणी सगळ्यात जास्त मानली जाते, पण ती पुरी पडत नाही. रक्त उलटं जाणं बहुतेक सगळ्याच बायकांमध्ये होतं, दहांतल्या नऊ जणींमध्ये तरी. आजार होतो तो एकीला. त्या एकीच्या शरीरात वेगळं काय, यावर सगळं संशोधन अडलंय.

उत्तराचे तुकडे मिळतायत. २०२३ साली ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात ६०,६७४ रुग्ण बायका आणि सात लाखांवर इतरांची जनुकं तपासली गेली. आजाराशी संबंध असलेल्या ४२ जागा सापडल्या. त्यातल्या काहींचं नातं मायग्रेन आणि कंबरदुखीशीही निघालं. म्हणजे ज्या मुलीला ‘तुझं सगळंच कसं गं दुखतं?’ म्हणून ऐकवतात, ती नाटक करत नसावी. त्याच वर्षी जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या गटाला ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू मिळाला. आजार नसलेल्यांत तो दहा टक्क्यांहूनही कमी जणींत होता. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर गाठी कमी झाल्या. उंदरांना, हे दोनदा वाचा. यावरून कोणी माझ्याकडे अँटिबायोटिक मागायला येऊ नये. आपल्याकडेही परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत भारतीय बायकांमधल्या या आजाराचा जनुकांपासून लक्षणांपर्यंत अभ्यास चालू आहे. लग्नाचं वय हे कारण म्हणून यातल्या कशातूनही पुढे आलेलं नाही.

आता मेसेजचा गाभा, ‘मूल झालं की जातं’. दिवस गेले की पाळी बंद होते, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, म्हणून बऱ्याच जणींना त्या काळात बरं वाटतं. सगळ्यांना नाही, काहींचं दुखणं वाढतंही. बाळंतपणानंतर पाळी सुरू झाली की अनेकींचं दुखणं पुन्हा दारात हजर. प्रजननाच्या डॉक्टरांच्या युरोपीय संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ म्हटलंय, की या आजारावर उपाय म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये.

वैद्यकीय बाजू सोडा, माणूस म्हणून बघा. मध्यंतरी एक आई मुलीची चिठ्ठी घेऊन आली. मुलगी दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडवते. चिठ्ठीवरची गोळी मी काढून ठेवली, तेवढ्यात त्यांनी मोबाइल पुढे केला. म्हणाल्या, “ताई, राहू द्या. शेवटचं वर्ष झालं की उरकूनच टाकतो तिचं, मग कशाला या गोळ्या?” म्हणजे पोरीने तोवर कळा सोसायच्या, मग त्याच दुखण्यासकट सासरी जायचं, जिथे अनेकींना संबंधांच्या वेळीही दुखतं आणि ते कोणाला सांगता येत नाही, आणि वर्षभरात दिवस गेले नाहीत की बोलणीही तिनेच खायची. एखाद्या जिवाला जन्म द्यायचं कारण आईची पोटदुखी हे असू शकत नाही, असं माझं मत. तेही त्या पोटदुखीवर खात्रीचं नसताना.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती मला सगळ्यात गमतीशीर वाटते. नवरात्रात वणीच्या गडावर जायचंय, घरात सत्यनारायण आहे, नणंदेचं लग्न आहे, की पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला रांग लागते. चिठ्ठीशिवाय देता येत नाही म्हटलं तर माझ्याशीच वाद घालतात. ती गोळी नॉरेथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं हार्मोन. एंडोमेट्रिओसिसला देतात ती डायनोजेस्ट त्याच घराण्यातली. खुद्द नॉरेथिस्टेरॉनही या आजारात वापरतात. देवासाठी घेतली तर चालते आणि दुखण्यासाठी घेतली तर वांझ करते, असं कसं होईल?

डायनोजेस्ट चालू असताना स्त्रीबीज तयार होणं बहुतेक वेळा थांबतं, म्हणून मूल हवं असेल त्या काळात ती देत नाहीत. बंद केली की चक्र पूर्ववत होतं. तिचे त्रासही आहेत : अधूनमधून डाग पडणं, डोकं दुखणं, मन उदास होणं, आणि लांब काळ घेतली तर हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. ती आजार दाबते, मुळापासून काढत नाही. थांबवल्यावर दुखणं परतू शकतं. मुळापासून बरं करणारं औषध आज जगात कोणाकडेच नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननेही बऱ्याच जणींना आराम पडतो, पण काही वर्षांत पुन्हा गाठी होणाऱ्याही पुष्कळ.

‘पिशवी काढा’ या सल्ल्यावर फार शाई घालवायची गरज नाही. आजार पिशवीबाहेर आहे; पिशवी काढून बाहेरच्या गाठी तशाच ठेवल्या तर जाणार काय? गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरलेलं असतं त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात, तिथे पिशवी काढण्याचा उपयोग होतो, आणि दोन्ही आजार असलेली एखादी बाई सगळं समजून तो निर्णय घेतेही. पण तो फॉरवर्ड करायचा सल्ला नाही, निदान महाराष्ट्रात तरी नाही. २०१९ साली बीडमध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली होती.

राहिली सोनोग्राफी. चॉकलेट सिस्ट तिच्यात चांगली दिसते. पोटाच्या आवरणावरचे बारीक डाग दिसत नाहीत, एमआरआयमध्येही बऱ्याचदा सुटतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही, असं म्हणता येत नाही. खात्रीसाठी आधी दुर्बीण घालायलाच हवी, असंही आता राहिलेलं नाही. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं, हेही त्याच २०२२ च्या सूचनांमध्ये आहे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘पाळीत दुखतं’ सांगू नका. पाळीच्या आधी किती दिवस दुखायला लागतं, कितीदा कॉलेज किंवा काम बुडतं, संडासला-लघवीला त्या दिवसांत कळ येते का, गोळी घेऊन किती तास बरं वाटतं, दोन-तीन महिन्यांचं हे सगळं कॅलेंडरवर लिहून न्या. आणि मुलीबरोबर गेलात तर उत्तरं तिला देऊ द्या.