अर्ध्या लाडवात पाव किती?

शिक्षकाच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मला प्रशिक्षणाचे दोनच प्रकार माहीत होते: जेवणाआधीचं आणि जेवणानंतरचं. पहिल्यात भूक लागते, दुसऱ्यात झोप. त्यामुळे यंदाच्या सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी, "आज आपण खेळणार आहोत" म्हटल्यावर अंगावर काटाच आला.

खेळाआधी म्हणे मनातली भीती घालवायची. "प्रत्येकानं वर्गात केलेली एक चूक सांगा. इथे कुणी कुणाला नावं ठेवणार नाही." पहिल्या रांगेत आमच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख साहेब डायरी उघडून बसलेले. पेनाचं टोपण काढलेलं.

मग चुका आल्या. कुणी मुलांवर फार जीव लावतं, कुणाला शाळा सुटल्यावरही घरी जावंसं वाटत नाही. माझी चूक अशी, की मी स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देत नाही. साहेबांनी एकही टिपून घेतली नाही.

सुलभकांनी मग अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन बाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या, तर चांगल्या चमूंच्याच चुका जास्त निघाल्या. कारण ती माणसं चुका लपवत नव्हती! या हिशेबानं आमच्या शाळेचं काही खरं नाही. आमच्या नोंदींत चूक शून्य.

मग खेळ: जमेल तितका उंच मनोरा बांधायचा. मूळ खेळात स्पॅगेटीच्या २० काड्या आणि टोकावर मार्शमॅलो असतो. आम्हाला खराट्याचे २० हीर, चिकटपट्टी, सुतळी आणि टोकावर ठेवायला चहाबरोबर आलेला बेसनाचा लाडू. वेळ १८ मिनिटं. पहिली दहा गटप्रमुख कोण यात गेली. सेवाज्येष्ठता यादी सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून वाद आणखी रंगला. उरलेल्या वेळात मनोरा फक्कड उभा राहिला. शेवटच्या मिनिटाला ज्येष्ठ बाईंच्या हस्ते लाडू चढवला, आणि मनोरा नमस्कार घालावा तसा आडवा झाला. लाडवाचे दोन तुकडे.

"बालवाडीतली मुलं यात मोठ्यांना हरवतात," सुलभक म्हणाले. "ती सुरुवातीलाच वर ठेवून बघतात, पडलं की पुन्हा करतात."

आम्ही इतके हसलो की साहेबांची डायरी मिटली. त्या हसण्यात माझ्या तोंडून निसटलं, "खरं सांगू? अपूर्णांकाच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करतात, मला अजून माहीत नाही. मुलांना सांगतो, करायचा असतो."

शांतता. मग ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "मीही तेच सांगते." मागून आणखी चार हात वर. त्यातला एक, देवाशपथ, साहेबांचा.

गेल्याच वर्षी नोकरीला लागलेल्या एका मुलीनं लाडवाचा अर्धा तुकडा उचलला. "सर, यात पाव लाडू किती?"

"दोन."

"झाला की भागाकार! अख्ख्या लाडवात पाव चार, म्हणून पाव उलटा करून चारनं गुणायचं. आपल्याकडे अर्धाच, म्हणून चाराचे निम्मे दोन."

बावीस वर्षं! आणि लाडू रोज डब्यात असायचा.

संध्याकाळी अभिप्रायाची लिंक आली. 'चूक सांगताना आपल्याला सुरक्षित वाटले का? आपले उत्तर गोपनीय राहील.' खाली लाल तारा लावलेले, म्हणजे भरावेच लागणारे रकाने: पूर्ण नाव, शाळेचा यू-डायस क्रमांक, केंद्रप्रमुखांचे नाव.

मी 'होय' वर टिचकी मारली.