आवणीच्या आधीचे दहा हजार: ‘फुकटच्या पैशा’च्या मेसेजला उत्तर

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज महिन्यातून एकदा तरी येतोच. पाठवणारे बदलतात, मजकूर तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गरिबाच्या खात्यात थेट पैसे टाकले की तो काम सोडतो. पैसा दारूत जातो. शेतावर मजूर मिळेनासे होतात. बाजारात महागाई वाढते. द्यायचंच असेल तर शेळी द्या, शिलाई मशीन द्या, रोख देऊ नका, कारण गरिबाला पैशाचं नियोजन जमत नाही. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये सुरू झाले, तेव्हापासून तर हा मेसेज जास्तच फिरतो. पाठवणारी माणसं वाईट नाहीत. आमच्याच मजल्यावरची आहेत, रात्रीबेरात्री अडचणीला धावून येणारी. म्हणूनच त्यांना मुद्द्याला मुद्दा लावून उत्तर द्यावंसं वाटलं.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधारावर उभे आहेत. गरिबाला म्हणे नियोजन जमत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे स्टेशनातून गावदेवीकडे जाताना शहापूरकडच्या बायका रस्त्याच्या कडेला रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसतात. पहिल्या पावसानंतर शेवळं आणि त्यांच्यासोबत काकडांचा वाटा, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. त्यातल्या एका मावशींकडून मी गेली पाच-सहा वर्षं भाजी घेते. पहाटेच्या कसारा लोकलने येतात, दुपारच्या आत परततात. घरची वीस गुंठे भाताची खाचरं, बाकी मजुरी. त्यांच्या कमरेच्या पिशवीत रबर लावलेल्या तीन लहान प्लास्टिकच्या पिशव्या असतात. एकीत उद्याचं तिकीट आणि सोबत भाजी खुडणाऱ्या नणंदेचा वाटा. दुसरीत किराणावाल्याची उधारी. तिसरी भिशीची. एकदा मी पाचशेची नोट पुढे केली. सुटे नव्हते. मावशी उठून चार बायका पलीकडे जाऊन सुटे घेऊन आल्या, पण तिसऱ्या पिशवीचं रबर काही सुटलं नाही.

ही भिशी त्यांच्या पाड्यावरची. दहा जणी, महिन्याला प्रत्येकी हजार. ते हजार येतात खात्यात दरमहा जमा होणाऱ्या सरकारी पैशातून. उरलेले तेल-मीठ आणि पोराच्या बसभाड्याला जातात. आपल्याकडे भिशीत चिठ्ठ्या टाकतात, त्या टाकत नाहीत. कोणाला कधी लागणार हे बसून ठरवतात. एकीने मुलीच्या बाळंतपणाचा महिना घेतला, एकीने घरावर पत्रे टाकायचा. मावशींनी वैशाखातला नंबर मागून घेतला. मृगाच्या आधी हातात दहा हजार आले. त्यातून भाताचं बियाणं, खत, पॉवर टिलरचं भाडं आणि उरलेल्यात एक गाभण शेळी. “ताई, आवणीच्या टायमाला हातात पैसा असला म्हंजे कोनाच्या दारात उभं ऱ्हावं लागत नाय,” असं त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जुडी बांधून दिली. आवणी म्हणजे भाताची लावणी.

वर्षभरात घरात कधी काय लागणार आणि कधी काय संपणार, हे ज्या बाईला तिथीवार सांगता येतं, तिला नियोजन शिकवणारे आपण कोण? तिच्याकडे आजवर नव्हती ती एकच गोष्ट: अमुक दिवशी अमुक रक्कम येणार याची खात्री.

हे एका मावशींच्या अनुभवावरून मी बोलत नाही. आफ्रिकेतल्या केनियात गिव्हडायरेक्टली ही संस्था मोबाइलवरून थेट पैसे देते. तिथल्या काही गावांत २०१८ पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. एका गटाला बारा वर्षं दरमहा रक्कम मिळणार, दुसऱ्याला फक्त दोन वर्षं दरमहा, तिसऱ्याला दोन वर्षांची सगळी रक्कम एकदम. पहिल्या दोन वर्षांत तिन्ही गटांच्या हातात पडलेले पैसे जवळपास सारखेच. तरी छोटे धंदे कोणी जास्त उभे केले? एकरकमी मिळालेल्यांनी आणि बारा वर्षांची खात्री असलेल्यांनी. दोनच वर्षं मिळणार हे ठाऊक असलेले मागे राहिले. बारा वर्षांच्या गटातल्या अनेकांनी तर महिन्याचा तुकडा मोठा करण्यासाठी भिशी लावली होती, अगदी आपल्यासारखीच फिरती. शहापूरच्या पाड्यावर आणि केनियाच्या खेड्यात एकमेकांना न विचारता एकच युक्ती सुचली, याचं मला फार अप्रूप वाटतं. केनियातल्याच आणखी एका अभ्यासात लोकांना विचारलं गेलं की पैसे कधी आणि कसे हवेत. बहुतेकांनी मोठ्या हप्त्यांत मागितले आणि बऱ्याच जणांनी तर थोडे थांबून द्या म्हणून सांगितलं. हातात आला की उडवायचा असता तर पैसा उशिरा द्या असं कोणी कशाला म्हणेल?

आता काम सोडण्याचा मुद्दा. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहा देशांतल्या सात सरकारी रोख मदत योजनांचे आकडे एकत्र तपासले. मेक्सिको, मोरोक्को, इंडोनेशिया, फिलिपिन्स, निकाराग्वा, होंडुरास. लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा कुठेच सापडला नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ मध्ये आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख देऊन पाहिलं. मोठ्या माणसाला सुरुवातीला २०० रुपये, लहान मुलाला १००. पुढे ३०० आणि १५०. तिथे काम कमी झालं नाही, कामाचा प्रकार बदलला. लोक दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीतून स्वतःच्या शेताकडे वळले. गुरं-शेळ्या घेतल्या, बियाणं-खतावर जास्त खर्च केला.

शेतावर मजूर मिळत नाहीत, ही तक्रार इथूनच निघते, आणि तिच्यात तथ्य आहे हे मी मान्य करते. पडेल त्या भावात राबणारा माणूस थोडा कमी मिळतो. पण मिळायचा तो कशामुळे, हेही पाहायला हवं. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या पाड्यांवरचा कातकरी आदिवासी पावसाळ्यात सगळ्यात अडलेला असतो. बहुतेकांकडे स्वतःची जमीन नाही. असलेल्यांचं गेल्या वर्षीचं भात श्रावणाच्या आत संपतं आणि नवं यायला दसरा उजाडतो. नेमका त्याच दिवसांत वीटभट्टीचा मुकादम बयाणा घेऊन दारात येतो. पाच-दहा हजारांची उचल. घरात दाणा नसताना ती कोण नाकारणार? मग दिवाळीनंतर अख्खं बिऱ्हाड भट्टीवर. पोरांची शाळा सुटते ती सुटतेच. मे संपेपर्यंत थापलेल्या विटांचा हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि उचल फिटली की नाही हे ठरवणारही तोच. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण भुकेच्या महिन्यातली उचल कायद्याने बंद होत नाही. त्या महिन्यात हातात दुसरे पैसे असले तरच माणूस मुकादमाला नाही म्हणू शकतो, किंवा निदान मजुरीचा दर आधी ठरवून घेऊ शकतो. मजूर मिळत नाही म्हणणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी हेच सांगेन की तो आळशी झालेला नाही, त्याला पहिल्यांदाच भाव करता येतोय. भाव वाढवून द्या, येईल.

महाराष्ट्राला हे नवीनही नाही. आदिवासी कुटुंबांची पावसाळ्यातली उपासमार टळावी म्हणून १९७८ मध्ये आपल्याकडे खावटी कर्ज योजना सुरू झाली. मदत कोणत्या महिन्यात पोचली पाहिजे, हे त्या योजनेच्या हेतूतच आहे. २०२० मध्ये तिचं खावटी अनुदान झालं, कुटुंबाला ४००० रुपये. त्यातले निम्मे खात्यात आणि निम्म्याच्या डाळी, तेल, मीठ-मसाला. ते निम्मं सामान मला पटलं नाही. खात्यातल्या २००० रुपयांतून एखादी बाई डाळ घेईल, एखादी औषध, एखादी बियाणं. डाळीच्या पिशवीतून फक्त डाळच मिळते.

दारूचं थोडक्यात सांगते. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसलं नाही. पिणारा माणूस पितोच, सरकारी पैसे नसले तरी पितो, आणि त्याचा त्रास काय असतो ते पाड्यावरच्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणं हा त्यावरच्या उपायांपैकीच एक आहे.

महागाईचंही तसंच. केनियाच्या सियाया भागातल्या ६५३ गावांत झालेल्या अभ्यासात १०,५०० कुटुंबांना प्रत्येकी साधारण हजार डॉलर दिले गेले. तिथल्या अर्थव्यवस्थेच्या मानाने ही प्रचंड रक्कम. तरी भाववाढ सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपास. उलट एकेका डॉलरमागे गावात अडीच डॉलरच्या जवळपास उलाढाल झाली आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांच्या घरातही सुधारणा दिसली.

राहिला ‘रोख नको, शेळी द्या’ हा सल्ला. यात चांगली भावना आहे, आणि शेळी देणं चुकीचंही नाही. बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांना जनावर, प्रशिक्षण आणि सोबत काही महिने घरखर्चाला मदत असा कार्यक्रम चालवला. त्याच धर्तीवर इतर सहा देशांत राबवलेल्या कार्यक्रमांचे निकाल २०१५ मध्ये आले, त्यात भारतही होता, आणि ते चांगले होते. पण घानात नुसत्या शेळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा टिकाऊ फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. ज्या घरात भाद्रपदात भात शिजत नाही, तिथली शेळी भाद्रपदातच विकली जाते. आणि ज्या बाईकडे चारा आणायला माणूस नाही, जिचा गोठा गळका आहे, तिला शेळीपेक्षा पत्रे आधी हवे असतात. हे आपल्याला ठाण्यात बसून कसं कळणार?

रोख दिली की सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. पाड्यापासून दवाखाना लांब असेल, शाळेत शिक्षक नसेल, तर १५०० रुपयांनी ते होत नाही. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये जमीन नावावर असलेल्यालाच मिळतात. अर्धेलीने कसणारा आणि भूमिहीन कातकरी बाहेरच राहतो. आणि तारखेची खात्री नसेल, तर या सगळ्या युक्तिवादातला जीवच जातो. पेरणीच्या आधी येणारे दोन हजार आणि आवणी उरकल्यावर येणारे दोन हजार ही एकच रक्कम नाही. तेलंगणाने २०१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी रयतु बंधू योजना सुरू केली, तेव्हा एकरी ४००० रुपये दर हंगामाला, बियाणं-खताच्या खर्चासाठी, अशी आखणीच केली होती. ग्रुपवरच्या मंडळींना सरकारला धारेवर धरायचंच असेल, तर या मुद्द्यावर धरावं. पैसे कोणत्या तारखेला जमा होणार, हे वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा आणि ती तारीख पाळा.

कारण तारीख चुकली की काय होतं, ते गेल्या पावसाळ्यात मी पाहिलं. मावशींच्या भिशीतल्या दोघींचं बँकेतलं केवायसी संपलं होतं आणि त्यांना कोणी कळवलं नव्हतं. दोन महिने पैसे अडकले. भिशी आठ हजारांवर आली. ज्या बाईचा नंबर होता तिने पत्र्यांऐवजी ताडपत्री घातली. मावशींनी तेव्हा भाजी विकता विकता मला कागद दाखवला, बँकेतून मिळालेला, इंग्रजीतला. मी वाचून सांगितलं की कोणते दोन झेरॉक्स लागतात. त्यांनी तो घडी घालून तिसऱ्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, सोमवारी बँक किती वाजता उघडते.