आबांनी वाचवलेला गुलाब

शेजारच्या आबांनी काल माझा गुलाब वाचवला. हे त्यांचं म्हणणं. दिवेलागणीपर्यंत सगळ्या वाडीचंही तेच म्हणणं झालं होतं. मी वेंगुर्ल्याच्या बाजारातून मासे घेऊन आले, तर आबा गडग्याला टेकून उभे. हातात कोयती, चेहऱ्यावर पुण्यकर्म केल्याचं समाधान. आणि माझ्या ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाची एकुलती एक फांदी कळीसकट मातीत आडवी.

"बाये, तुझो गुलाब मराक टेकललो. वाचवलंय. ती सुकी फांटी काढून टाकलंय. आता हो बघ कसो जोरात इलो!"

'हो' म्हणजे कलमाच्या सांध्याखालून फुटलेला रानटी फुटवा. नर्सरीवाले जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरतात. खुंट चिवट, डोळा नाजूक. खुंटाला फुटवा आला की सगळं अन्न तो ओढतो आणि वरची जात उपाशी मरते. म्हणून तो दिसला की बुडापासून ओरबाडून काढायचा. रविवारी काढणारच होते.

"सुकी खंयची, आबा? तिच्यार कळी होती!"

"कळी खंयची? दोन म्हयने बघतंय, एक बोट वाढूक नाय. ह्यो बघ, माझ्या कमरेक लागलो!"

हे दोन महिने बघणं मात्र खरं. तुळशीचं लग्न आटोपलं आणि मी खड्डे खणायला घेतले, तेव्हापासून आबा गडग्यावर बसून आहेत. आमच्याकडे खड्डा खणणं म्हणजे जांभ्यात पहार घालणं. दीड फूट खोल जाईपर्यंत गड्याची मजुरी रोपाच्या वर गेली. वर शेणखत, निंबोळी पेंड. आबांनी प्रत्येक पाटीला किंमत विचारली.

"रोप कितक्याक घेतलंस?"

"अडीचशेंक."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तितक्यात बांगडे किती इले असते!" आणि ते बांगडे कसे तिखल्यात घालायचे, त्रिफळं किती, हे सविस्तर सांगितलं. कलमाचा सांधा मातीच्या वर राहतोय की खाली, याकडे माझं लक्ष उरलं नाही. अर्थात वरच राहिला. नंतर टेप लावून पाहिला.

पुण्यातली माझी मावसबहीण गॅलरीतल्या कुंडीत काडी खोचते आणि दर रविवारी फुलाचा फोटो पाठवते. खाली लिहिते, 'काहीच करत नाही गं मी.' तिला एकदा इकडचा जुलै दाखवायला हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पानांवर काळे ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात, आणि श्रावणात अंगणात नुसत्या काटेरी काड्या उभ्या. म्हणून तर पाऊस संपल्यावर लावायचा घाट घातला. सहा तास ऊन मिळावं म्हणून आईची अबोली हलवली, त्यावरून आई आठवडाभर धड बोलली नाही. नर्सरीवाल्यानं मात्र "ताई, बारमाही आहे, काही करावं लागत नाही," असं सांगून पैसे खिशात घातले होते. त्याच्याकडच्या सगळ्या पिशव्यांवर एकाच लाल फुलाचा फोटो होता, पांढऱ्या गुलाबाच्या पिशवीवरसुद्धा.

तर आबा. यांची स्वतःची हापूसची बाग आहे. कलम म्हणजे काय, हे त्यांना मी सांगावं? तरी विचारलंच.

"हापूसच्या कलमाखाली रायवळ फुटलो तर तुमी ठेवतास काय?"

"खुळी काय तू? उपटून टाकतलंय."

"मग ह्यो?"

"आंबो तो आंबो. गुलाबाक काय आंबे लागतत?"

यावर काय बोलणार? माझ्या पिशवीतले मासे ऊन खात होते. माझ्या अंगणात, माझ्या झाडावर, मला न विचारता कोयती चालवायचा हक्क यांना कोणी दिला, हे विचारायचं मी तोंडाशी आणलं होतं. तेवढ्यात आई बाहेर आली.

"जाऊंदे गो, म्हाताऱ्या माणसाक कोण बोलात?" असं मला आत ढकलत म्हणाली आणि आबांना चहा दिला. सोबत खाजं. जत्रेतून मी आणलेलं.

आज सकाळी तीन बायका गडग्यापलीकडून वाचलेला गुलाब बघून गेल्या. त्यातली एक मला म्हणाली, "नशीब गो तुझा, आबा होते म्हणान." फुटव्यानं कालपासून आणखी एक पान काढलंय. काटे तर असे की जवळ गेलं की साडी धरतात. फुलं आलीच तर येतील बारकी, झुपक्यानं, कडेच्या झुडपाला येतात तशी.

दुपारी आबा पुन्हा हजर. त्यांना त्याच्या दोन काड्या हव्यात, अंगणात लावायला. मी नाही म्हणून सांगितलं, चांगलं ठणकावून.

आईनं मागच्या दारानं चार दिल्या.