इन्फोसिसचा ‘खेळ खल्लास’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज 2025 मध्ये चौथ्यांदा आला. या वेळचा मजकूर थोडक्यात असा: इन्फोसिसचा खेळ खल्लास. एआय आता स्वतःच कोड लिहितो, त्यामुळे कोडर विकणारी कंपनी पाच वर्षांत बंद पडणार. माणसं कमी होताहेत, म्हणजे जहाज बुडतंय. अमेरिकेनं व्हिसा महाग केला, तो शेवटचा खिळा. पाच वर्षांत शेअरनं काही दिलं नाही, त्यापेक्षा बँकेत एफडी बरी. बायबॅक, म्हणजे कंपनीनं स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, ही भाव फुगवायची चाल आहे. मोठे लोक केव्हाच बाहेर पडले, आता फक्त छोटे अडकलेत. खाली हात जोडलेले, आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’.

पहिल्यांदा, व्हिसा-बायबॅकच्या ओळी नसताना, आला तो एप्रिलमधल्या एका शनिवारी. सोमवारी, 7 एप्रिलला, ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या धास्तीनं जगभरचे बाजार कोसळले. सव्वानऊच्या सुमाराला मी अंबडला कामावर पोचत होते, तेवढ्यात आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचा फोन आला. नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, फंडाच्या पैशातून इन्फोसिसचे साठ शेअर घेतलेले. “विकले गं सगळे,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी भाव 1,307 पर्यंत खाली गेला होता. मी काय बोलणार? गेटवर बराच वेळ तशीच उभी राहिले.

बाजार पडला याचा मला राग नाही, तो पडतच असतो. पण ज्या मेसेजमध्ये एकही आकडा नाही, एकही वर्ष नाही, त्याच्यावर विसंबून सत्तरीतल्या माणसानं पहाटे उठून हातपाय गाळून बसावं, याचा राग आहे. मी एका कारखान्यात हिशेब बघते. दरवर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

एआयचा मुद्दा आधी, कारण भीती तिथेच आहे आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. कंपनीच्या महसुलाची डॉलरमधली वाढ, चलनातले चढउतार बाजूला ठेवून, 2022-23 मध्ये 15.4 टक्के होती. पुढच्या वर्षी ती 1.4 टक्क्यांवर आली, 2024-25 मध्ये 4.2 टक्के झाली. एप्रिल 2025 मध्ये कंपनीनं 2025-26 साठी शून्य ते तीन टक्के एवढाच अंदाज दिला. एआयमुळे काम लवकर होत असेल तर त्या बचतीतला वाटा आम्हालाही द्या, असं गिऱ्हाईक म्हणणारच. त्याच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. धंदा मंदावलाय, हे मी कुणापासून लपवत नाही.

पण ‘कोड लिहिणं’ म्हणजेच ‘काम’, हे ज्यानं लिहिलं त्यानं कुठल्याही ऑफिसात सिस्टिम बदलताना पाहिलेली नाही. मी पाहिली आहे, सप्टेंबर 2025 मध्ये. आमचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला: 28 टक्क्यांचे 18 होणार, 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून. बिलिंगमध्ये 28 च्या जागी 18 टाकायला आमच्या ऑफिसातल्या पोराला अर्धा तास लागला. त्यानंतर मी आणि माझी सहकारी नऊ दिवस रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. 21 तारखेला निघालेला आणि 24 ला पोचलेला माल कोणत्या दरानं? जुन्या दरानं घेतलेला माल परत आला तर क्रेडिट नोट कशी काढायची? ॲडव्हान्स आधी आलाय, माल नंतर जाणार, तिथे काय? डीलरच्या गोदामात पडलेल्या मालाचं काय? एकेक ऑर्डर उघडून बघावी लागली. एका ठिकाणी चूक राहिली असती तर नोटीस आमच्या नावानं आली असती, सॉफ्टवेअरच्या नावानं नव्हे.

हा झाला दीडशे माणसांचा कारखाना. आता याच बदलाची दुसरी बाजू बघा. ज्या जीएसटी पोर्टलवर देशभरचे व्यापारी रिटर्न भरतात, ते इन्फोसिसनं उभं केलं; कंत्राट 2015 चं, आणि 1 जुलै 2017 पासून ते चालू आहे. आयकराचं नवं पोर्टलही त्यांचंच. जून 2021 मध्ये ते सुरू झालं तेव्हा देशभर ओरड झाली, अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखांना बोलावून घेतलं. ती नामुष्की खरीच होती. पण तिच्यातून कळतं काय? अशा कामात कोड लिहिण्यापेक्षा ते कोट्यवधी लोकांच्या गर्दीत उभं ठेवणं अवघड असतं, आणि बिघडलं की जाब विचारायला कुणीतरी समोर लागतं. पोस्टात पासबुक भरून घेताना खिडकीतल्या ताई ज्या सिस्टिमवर तुमचं खातं उघडतात, ती फिनॅकल, तीही इन्फोसिसचीच. एआयनं लिहिलेला कोड अशा सिस्टिममध्ये घालायचा असेल तर तपासणार कोण, जुन्या नोंदी नव्या साच्यात बसवणार कोण, आणि रात्री दोनला बंद पडली तर फोन कुणाला लागणार? साधनं बदलतील, माणसं कमी लागतील, दर पडतील. पण त्यावरून ‘कंपनी बंद’ कसं ठरतं?

एक गोष्ट तर ताजी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं आपल्या एकोणीस लाख कर्मचाऱ्यांच्या पगाराची आणि नोंदींची नवी व्यवस्था उभी करण्याचं काम इन्फोसिसला दिलं. 1.2 अब्ज पौंड, मुदत 15 वर्षं. एआय काय करू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणणार आहे का? पाच वर्षांत बंद पडणाऱ्या कंपनीला पंधरा वर्षांचं काम कोण देतं?

आता माणसांचा मुद्दा. मेसेजमधली ओळ अर्धी खरी आहे आणि म्हणूनच जास्त फसवी आहे. मार्च 2023 अखेर कंपनीत 3,43,234 माणसं होती, मार्च 2024 अखेर 3,17,240. जवळजवळ सव्वीस हजारांची घट. मेसेज तिथे थांबतो. मार्च 2025 ला आकडा 3,23,578 झाला, सप्टेंबर 2025 अखेर 3,31,991. हे पुढचे दोन आकडे कुठे गेले? आणि ज्या वर्षी सव्वीस हजार माणसं घटली त्याच वर्षी महसूल 1,46,767 कोटींवरून 1,53,670 कोटींवर गेला. कोविडच्या काळात, 2021-22 मध्ये, एका वर्षात 85,000 नवे पदवीधर भरले होते. ती भरती गरजेपेक्षा जास्त झाली होती, ती नंतर उतरली.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली द्राक्षबाग बाहेरच्या माणसाला दाखवली तर तो म्हणेल, बाग गेली. तारांवर नुसते ओलांडे दिसतात, एक पान नसतं. वडील तेव्हा वेलीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजत फिरायचे, किती फुटतील ते बघत. बाग खरंच वाळलेलीही असू शकते, तशा बागाही मी पाहिल्या आहेत. पण ते डोळे बघून ठरवायचं असतं, रस्त्यावरून जाताना नाही. (कंपनीच्या मैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून फेब्रुवारी 2025 मध्ये तीनशेच्या वर प्रशिक्षणार्थी मुलांना परीक्षेत नापास म्हणून घरी पाठवलं, ते मला अजिबात पटलेलं नाही. पोरं नोकरीच्या बोलावण्यासाठी आधीच दोन-दोन वर्षं ताटकळली होती. शेअर माझ्याकडे आहेत म्हणून ते मी योग्य म्हणणार नाही.)

व्हिसाचं एका परिच्छेदात आटोपते. अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसाची (एच-1बी) एक लाख डॉलरची फी 21 सप्टेंबर 2025 पासूनच्या नव्या अर्जांना लावली, आधीच्या व्हिसाधारकांना आणि मुदतवाढीला नाही. अमेरिकेत 10,000 स्थानिक माणसं घेण्याची घोषणा कंपनीनं 2017 मध्येच केली होती. खर्च वाढेल, पण खिळा वगैरे नाही.

‘पाच वर्षांत काही दिलं नाही.’ इथे आकडेच बोलू देते. जानेवारी 2022 मध्ये भाव 1,900 च्या वर होता, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये पंधराशेच्या आसपास. तेव्हा शिखरावर घेतलेल्या माणसाचं दुःख खरं आहे, त्याला मी ‘धीर धरा’ म्हणून गप्प बसवणार नाही. पण ‘काही दिलं नाही’ हे खोटं आहे. लाभांश बघा, दर शेअरमागे: 2021-22 साठी 31 रुपये, पुढच्या वर्षी 34, मग 46, मग 43. चार वर्षांचे 154 रुपये. एफडीशी तुलना करायची तर हे धरूनच करावी लागेल. आणि तुलनेची सुरुवात नेमकी शिखरापासूनच का? मी पहिले दहा शेअर घेतले ते एप्रिल 2013 मध्ये. त्या महिन्याच्या 12 तारखेला निकालानंतर शेअर एका दिवसात 21 टक्के पडला होता आणि ऑफिसात सगळे तेव्हाही ‘आयटी संपलं’ म्हणत होते. साधारण तेवीसशेच्या भावानं तेवीस हजार गेले. त्यानंतर 2014, 2015 आणि 2018 ला एकास एक बोनस, म्हणजे दर शेअरमागे एक शेअर फुकट, आला. दहाचे ऐंशी झाले. नोव्हेंबरच्या पडलेल्या भावानंसुद्धा ते एक लाख वीस हजार होतात, लाभांश वेगळा.

संपल्याच्या बातम्या या कंपनीला नव्या नाहीत. 1993 मध्ये 95 रुपयांनी आयपीओ, म्हणजे पहिली शेअरविक्री, आली तेव्हा ती पूर्ण भरलीही नव्हती. एप्रिल 2003 मध्ये एका दिवसात पाव हिश्श्याहून जास्त भाव गेला. ऑक्टोबर 2019 मध्ये निनावी तक्रारीच्या बातमीनं एका दिवसात 16 टक्के गेला, आणि जानेवारी 2020 मध्ये चौकशीत त्या आरोपांना पुरावा मिळाला नाही. पूर्वी वाचली म्हणून पुढेही वाचेलच, असं मी म्हणत नाही. एका दिवसाचा भाव बघून कंपनीचं मरण सांगता येत नाही, एवढंच यातून दिसतं.

बायबॅकबद्दलचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात मी स्वतः होते. कंपनीनं 2025 मध्ये 1,800 रुपयांच्या भावानं दहा कोटी शेअर परत घ्यायचं ठरवलं, एकूण 18,000 कोटी. हे पैसे कर्ज काढून आणलेले नाहीत. 2024-25 मध्ये महसूल 1,62,990 कोटी, निव्वळ नफा 26,713 कोटी, आणि सगळे खर्च भागवून हातात उरलेली रोकड चार अब्ज डॉलरच्या वर. पाच वर्षांत अशा रोकडीपैकी सुमारे 85 टक्के भागधारकांना परत द्यायचं त्यांचं जाहीर धोरण आहे.

छोट्या भागधारकांसाठी, म्हणजे नोंदीच्या तारखेला ज्यांच्याकडे दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर आहेत त्यांच्यासाठी, 15 टक्के हिस्सा राखीव असतो. या वेळी छोट्यांना दर 11 शेअरमागे 2 परत देता येतील असं प्रमाण मिळालं. मोठ्यांना दर 706 मागे 17. ‘छोटे अडकलेत’ म्हणणाऱ्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. माझ्याकडे नंतर घेतलेले धरून 110 होते, वीस बसत होते. बाजारात भाव पंधराशेच्या आसपास असताना वीस शेअर अठराशेनं गेले. 36,000 झाले, त्यातून दहा टक्के टीडीएस कापला गेला. ऑक्टोबर 2024 पासूनच्या तेव्हाच्या नियमानं बायबॅकचे पैसे लाभांश धरून करपात्र होते, त्यामुळे तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला तो सौदा फारसा परवडत नव्हता. मला परवडला.

राहिले ‘बाहेर पडलेले मोठे लोक’. संस्थापक कुटुंबांकडे जवळपास 13 टक्के शेअर आहेत. अठराशेचा भाव समोर असताना त्यांनी ऑक्टोबरमध्ये कळवलं की बायबॅकमध्ये एकही शेअर देणार नाही. परदेशी संस्थांनी विकले, खरंय. पण विकलेला प्रत्येक शेअर कुणीतरी घेतलेला असतो, आणि सगळ्यात मोठ्या भागधारकांत आपली एलआयसी आहे. ग्रुपमधल्या ज्यांची निफ्टीच्या, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या, फंडात एसआयपी चालू आहे, त्यांच्याकडेही इन्फोसिस आहेच. त्यातले दोघे हाच मेसेज पुढे पाठवत होते.

मी कुणाला ‘घ्या’ सांगत नाही. ज्याला विकायचेत त्यानं विकावेत, पैशाची गरज असेल, दुसरं काही पटत असेल, एआयबद्दलचं त्याचं मत माझ्याहून वेगळं असेल तरीही. मात्र तो निर्णय त्यानं स्वतः आकडे बघून घेतलेला असावा.

परवा काका ट्रॅकवर भेटले. मी अहवालातली भागधारकांच्या यादीची आणि लाभांशाची पानं छापून नेली होती. बाकावर बसून त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका रकान्यावर बोट ठेवत सगळं वाचलं. घडी करून खिशात ठेवताना विचारलं, पुढचे निकाल कधी? म्हटलं, 14 जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी. “आकडे आले की ग्रुपवर टाकायच्या आधी मला फोन कर,” म्हणाले.